ज्योतीच्या पलीकडे बसलेली

मिस्त्रींना जोड म्हटलं की बाकी जग सुचत नसे. तांब्याची नळी पितळेला जोडायची असो की स्टीलला, हातात घेतल्याघेतल्या ते सांगत, जोडात वितळवायला चांदीची काडी कुठली लागेल आणि फ्लक्स कुठला. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लेक शाळेत जायला लागल्यापासून बायको टेबलापलीकडे त्यांच्या समोर बसे. जोड नीट धरावा म्हणून फ्लक्सचा पांढरा लेप ब्रशने नळीच्या टोकाला लावायचा, मिस्त्री गॅसच्या ज्योतीने तापवत तोवर नळी चिमट्यात धरून ठेवायची आणि लेप वितळून काचेसारखा नितळ दिसला की "झाला" म्हणायचं, ही तिची कामं. तिच्या "झाला"वर ते काडी टेकवत. संसारात आपलं एवढं एकमत दुसऱ्या कशावरच झालं नाही, असं ती म्हणे. पडद्यांच्या रंगापासून लेकीच्या नावापर्यंत ते खरंही होतं.

मिस्त्रींची लाडकी काडी म्हणजे कॅडमियम घातलेली. कमी आचेवर वितळायची आणि बारीक फटीत पाण्यासारखी धावायची. एकदा काड्यांच्या व्यापाऱ्याने त्यांच्या हातात दुसरीच ठेवली.

"मिस्त्री, जुनीचा धूर वाईट असतो. छातीत बसतो. आता ही वापरा, हिच्यात कॅडमियम नाही."

मिस्त्रींनी वापरून पाहिली. आच जास्त लागली, काडी रेंगाळली, एक पातळ नळी जळाली आणि एक जोड गळतो म्हणून परत आला. गिऱ्हाईक फारसं काही बोललं नाही, पण मिस्त्रींना कुणी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. थोडे दिवस हात बसवला असता तर जमलं असतं, न जमायला काय झालं होतं? पण माणसाचं नाक मध्ये आलं की त्याला पुढचं दिसत नाही.

ते पुन्हा जुन्या काड्या मागायला गेले. व्यापाऱ्याने परत समजावलं. "इतकी वर्षं हुंगतोय," मिस्त्री म्हणाले, "मला काय धाड भरलीय?"

घरी बायकोने विचारलं, "अहो, नवीन काडीचं काय झालं?"

"टुकार होती," ते म्हणाले. धुराचं अवाक्षर काढलं नाही. उगाच घाबरेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे, धुराचं कळलं असतं तर ती नवीनच वापरा म्हणाली असती, आणि ते त्यांना नको होतं.

पुढे काही वर्षांनी बायकोला धाप लागू लागली. आधी जिना चढताना, मग कपडे वाळत घालताना, मग नुसतं बोलतानाही. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला लेकीबरोबर बाहेर बसवलं आणि मिस्त्रींना कामाचं विचारलं. त्यांनी काडीसकट सगळं सांगितलं.

"आणि तुम्हाला काहीच त्रास नाही?"

"नाही."

"ज्योत कशी धरता?"

मिस्त्रींनी हात उचलून दाखवलं. आपल्यापासून दूर झुकवलेली, रोजच्यासारखी. हात तसाच हवेत राहिला. ज्योत जिकडे झुकते तिकडे धूर जातो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. रोज तो टेबलापलीकडे जात होता. त्यांना काही झालं नाही, कारण सगळं तिला झालं.

आता इलाज एवढाच होता की ती घरी राहील आणि नाकाला ऑक्सिजनची नळी असेल. मिस्त्री तिचे केस विंचरत, तिला भरवत, आणि सांगायचं म्हणून तोंड उघडून पाणी हवंय का असं विचारत. लेकीला त्यांनी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आता आईला कशाला सांगता? तिला बरं वाटणार आहे का?" तिचंही चूक नव्हतं. पण त्यांचा जीव आतल्या आत तुटत होता.

एका दुपारी बायको त्यांचा हात हातात घेऊन हसली. "माझीच छाती कुचकामी निघाली बघा. तुम्ही एवढ्या धुरात राहून खणखणीत. चला, देवाने एकाला तरी जपलं."

तेव्हा त्यांना राहवलं नाही. व्यापारी काय म्हणाला होता, आपण काय लपवलं, धूर कुणाकडे जात होता, सगळं सांगितलं. सांगताना ते लहान पोरासारखे रडले.

तिने नाकाची नळी नीट केली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मला सांगायला हवं होतं तुम्ही. मी तुमच्या बाजूला येऊन बसले असते."

हात तिने सोडवून घेतला नाही. पण दाबलाही नाही.

त्यानंतर ती महिनाभर होती. पडदा ओढा, उशी वर करा, लेकीला फोन लावा, सगळं बोलली. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. माफ केलंस का, हे विचारायला मिस्त्री रोज सकाळी तिच्याजवळ बसत आणि रोज न विचारताच उठत. एका सकाळी ते बसले तेव्हा ती गेलेली होती.