मागे पाहणारा घोडा

वाचनालयातल्या प्रदर्शनात एका जुन्या फोटोपाशी मी थांबलो. आमच्या संस्थानच्या राजांना अग्नी देऊन लोक नदीवरून परतत होते. सगळ्यांच्या माना खाली होत्या. राजांचा पांढरा घोडा मात्र, पाठीवर रिकामं खोगीर घेऊन, मागे वळून पाहत होता. काय पाहत होता, ते फोटोच्या बाहेरच राहिलं होतं.

शेजारी उभ्या असलेल्या आजींनी लगाम धरलेल्या माणसावर बोट ठेवलं. "हे माझे वडील. स्मशानातून परतताना मागे बघू नये, म्हणून ते वळले नाहीत. पण घोडा एकाएकी थांबला आणि कान टवकारून खिंकाळला. राजे दिसले की तो तसाच खिंकाळायचा."

"मग?"

"वडिलांनी त्याला ओढतच पागेत नेलं. मरेपर्यंत म्हणायचे, एकदा वळून बघायला हवं होतं."