क्रेनवाला पायलट

पायलटबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि काळा गॉगल आला असेल. पुसून टाका. मी आजतागायत विमानात बसलेलो नाही. लोहगावकडे उतरताना विमान खालून दिसतं, तेवढीच आमची ओळख. 'मी आपला कॅप्टन बोलतोय' हे मात्र मी हुबेहूब काढतो. नाकातून, अर्धं हिंदी अर्धं इंग्लिश, कुणालाही काही कळणार नाही असं. तेही मोबाइलवर बघून शिकलेलं. आमच्यातला पायलट जमिनीवरच उभा असतो, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, आणि वर उडतं ते ड्रोन. यात हिरो कोण ते शोधत बसू नका. मी तर नाहीच.

मी बार्शीचा. शाळेत सगळ्या मास्तरांचे आवाज काढायचो, त्याबद्दल मार खायचो, आणि मधल्या सुट्टीत मारणाऱ्या मास्तरांचाही आवाज काढायचो. पुढे चाकणला वायरिंगच्या एका कंपनीत लागलो, थेरगावात डांगे चौकामागे तिघांत एक खोली घेतली. दिवाळीच्या बोनसमधून सुटे भाग आणले आणि छोटं ड्रोन स्वतः जोडलं. रविवारी देहूच्या अलीकडच्या मोकळ्या रानात आम्ही सहा-सात जण उडवायचो. सगळे हौशी. कुणी मेकॅनिक, कुणी डिलिव्हरीवाला, एक आयटीतला.

आमच्यात एक पद्धत होती. उडवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल असतो, त्याला फक्त कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच दिसतं. म्हणून शेजारी एक जण आभाळाकडे बघत उभा राहतो. उडवणारा विचारतो, "दिसतंय का?" शेजारच्यानं म्हणायचं, "दिसतंय." जो 'दिसत नाही' म्हणेल तो दिवसभर आंधळा, आणि मिसळ त्याच्याकडून. त्यामुळे कुणी म्हणायचंच नाही. ड्रोन झाडामागे जाऊन दहा सेकंद झालेले असायचे, तरी आपलं, "दिसतंय भावा, जाऊ दे बिनधास्त." पडलं तर उसात शिरून शोधायचं, पाचटानं हात कापून घ्यायचे आणि हसायचं. पडायचं ते आपलंच पडायचं.

मग मला भोसरीत एका छोट्या ड्रोनवाल्या फर्ममध्ये काम मिळालं. शेठ धरून आम्ही तिघंच. काम म्हणजे कंपन्यांच्या शेडची छपरं तपासायची. कुठला पत्रा तडकलाय, कुठला बोल्ट गंजलाय, ते वरून फोटो काढून द्यायचं. माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं, म्हणून कागदावर मी निरीक्षक, म्हणजे खालून ड्रोनवर नजर ठेवणारा. कागदावर पायलट होते ते काका.

काका मावळातले, अठ्ठेचाळीस वर्षांचे. बावीस वर्षं एका फाउंड्रीत छताखालची क्रेन चालवली. फाउंड्री बंद पडली तेव्हा वर्षभर एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत उभे राहिले. ज्या पोरांना त्यांनी क्रेन शिकवली होती, ती तिथं सुपरवायझर होऊन गाडीतून आत जायची आणि हे सलाम ठोकायचे. मग होते नव्हते ते पैसे घालून आठवड्याचा ड्रोनचा कोर्स केला आणि पायलट झाले. नोकरी कच्ची, दर तीन महिन्यांनी कामाचं नवीन लेटर मिळायचं. "आता गेटवर उभा ऱ्हानार न्हाई," एवढं एकच ते स्वतःहून बोलायचे.

मी सहा वर्षं उडवत होतो, काका सात महिने. माझं ड्रोन झाडाला टांगलेल्या टायरमधून आरपार जायचं. काका उडवायचे म्हणजे उकळत्या चहाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून माणसांतून नेल्यासारखं.

"काका, टायरमधनं काढून दाखवा की एकदा."

"टायरमदी काय तपासायचं हाय?"

उडवण्याआधी त्यांची वीस-पंचवीस मिनिटं जायची. बॅटरी, पंखे, स्क्रू. मग पूर्ण शेडला पायी फेरी. कुठून तार गेलीय, कुठं चिमणी आहे, खिशातल्या डायरीत पेन्सिलीनं चित्र. आणि सगळ्यात बोअर म्हणजे ते बोलणं. मी वॉकी-टॉकीवर "तार डावीकडे" म्हणायचं, त्यांनी "तार डावीकडं, ऐकलं" म्हणायचं, तोवर ड्रोन हवेत थांबलेलं. बालवाडीत कविता म्हणून घेतात तसं.

"अहो ऐकलंत ना, मग परत कशाला?"

"क्रेनवर मी वर केबिनीत. खाली काय हाय ते भांड्यानं झाकलेलं. इतळलेलं लोखंड असायचं त्यात. खालचा मानूस हात दाखवंल तसं न्यायचं. त्यानं हात वर केला की हुक जागंवर. त्याला दिसत न्हाई म्हंजी मला बी दिसत न्हाई. यात इज्जतीचा काय सवाल न्हाई."

यावर मी एक आयटमच बसवला. चहाच्या टपरीवर, कंपनीच्या कँटीनमध्ये, शेठच्या पाठीमागे. मान जराशी पुढे काढायची, घसा बसल्यासारखा करायचा आणि काकांच्या आवाजात म्हणायचं, "दिसतंय म्हंजी दिसतंय. अंदाज न्हाई." पोरं लोळायची. काकांनी एकदा स्वतः ऐकलं. मला वाटलं चिडतील. ते हसले आणि म्हणाले, "आयला, ह्या आवाजात माझ्या बायकूला फोन लाव. वळखायची न्हाई." मी त्याला परवानगी समजलो.

एप्रिलमध्ये चाकणच्या एका मोठ्या कंपनीनं एक शेड चाचणीला दिलं. नीट झालं तर नऊच्या नऊ शेड, दरवर्षी. शेठनं आदल्या दिवशी काकांना माझ्यासमोर सांगितलं, "हे काम आलं की तुम्ही पर्मनंट. लेटर-बिटर बंद." काकांनी नुसती डायरी काढली आणि पेन्सिलीला टोक करत बसले.

मला राग आला होता, खरं सांगतो. मनात म्हटलं, टायरमधून मी काढणार आणि पर्मनंट हे.

दुसऱ्या दिवशी काका शेडच्या पुढच्या बाजूला, मी मागच्या. मध्ये पेंट शॉपची चिमणी. तिला चार बाजूंनी बारीक तारांचे ताण दिलेले. असली बारीक तार ड्रोनच्या सेन्सरला दिसत नाही, स्क्रीनवर तर नाहीच. ती माणसानंच बघायची. तेवढ्यासाठीच तर मी होतो. माझ्या शेजारी कंपनीचे सेफ्टीवाले साहेब आणि दोन सुपरवायझर, सगळे माझ्याच वयाचे. त्यांना मी मेट्रोतली बाई करून दाखवली होती, 'पुढील स्थानक दापोडी'. मग त्यांच्याच प्लांट हेडला नुसतं एकदा ऐकून तोही करून दाखवला. मैफल रंगात आली होती.

ड्रोन चिमणीमागे गेलं. ऊन डोळ्यांवर होतं. एक, दोन, तीन सेकंद. दिसेना.

वॉकी-टॉकीवर काका म्हणाले, "डावीकडं घ्यायचंय. ड्रोन नि तार, दोनी दिसतंय का?"

'दिसत नाही' हे दोन शब्द. माझ्या तोंडाला त्यांची सवयच नव्हती. त्यात शेजारी तिघं माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी बटण दाबलं, मान पुढे काढली आणि काकांच्याच आवाजात म्हणालो, "दिसतंय म्हंजी दिसतंय. अंदाज न्हाई."

तिघंही हसले. काका म्हणाले, "ऐकलं." आणि ड्रोन डावीकडे घेतलं.

मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा आवाज झाला. ड्रोन तारेवरून भेलकांडत छपरावर आलं, उजेडासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यातून आरपार गेलं आणि खाली एका ट्रॉलीवर पडलं. चहाची सुट्टी चालू होती म्हणून खाली कुणी नव्हतं. पण पत्र्याचे तुकडे असेंब्लीवर पडले आणि सुट्टी संपल्यावर लाइन चालू झाली नाही. आमच्या पट्ट्यात 'लाइन थांबली' हे लोक कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं सांगतात. पाच मिनिटांत प्लांट हेड स्वतः खाली आला. मघाशी मी काढला होता तोच आवाज, फक्त आता कुणी हसत नव्हतं.

शेठ तासाभरात पोचला. "कोण उडवत होतं?"

"मी," काका म्हणाले.

"आणि तू काय करत होतास?"

"मी बघत होतो," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. थांबले होते. वॉकी-टॉकीवर प्रश्न विचारून थांबायचे, तसेच. त्या वेळात मला बोलता आलं असतं. मी हेल्मेटचा पट्टा काढत बसलो. सेफ्टीवाले साहेबही काही बोलले नाहीत, त्यांचंही हसणं त्यात आलं असतं. मग काकांनी फॉर्म ओढून घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पायलटची चूक'. अक्षर एकदम सरळ.

नऊ शेड गेली. हातातलं लेटर संपल्यावर काकांना पुढचं मिळालं नाही. फर्मला कागदावर कुणीतरी पायलट पाहिजे होता, म्हणून शेठनं मला कोर्सला पाठवलं. ज्या आठवड्याच्या कोर्सवर मी सात महिने जोक मारले, तोच करून पायलट झालो. परीक्षेत माझा हात सगळ्यांत चांगला, असं शिकवणारे म्हणाले. हात चांगलाच आहे, त्याबद्दल कधीच वाद नव्हता. रविवारच्या पोरांनी हार घातला, मी कॅप्टनचा आवाज काढून दाखवला आणि घरी येऊन झोपलो. रानात जाणं त्यानंतर बंदच झालं.

दसऱ्याच्या सुमारास चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत काम निघालं. मी, ड्रोनची पेटी आणि माझ्या जागी आलेला नवीन निरीक्षक. गेटवर गाडी थांबली. निळा शर्ट, टोपी, हातात रजिस्टर, आणि काका.

त्यांनी सलाम ठोकला. सवयीनं हात गेला असेल किंवा मुद्दाम, मला कळलं नाही. मी खाली उतरलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी जे नेहमी करतो तेच केलं. नाकातून म्हणालो, "मी आपला कॅप्टन बोलतोय..."

"गप," काका म्हणाले. पेन रजिस्टरवरच होतं. "हितं तुझी मस्करी ऐकाया उभा न्हाई मी. नाव लिव. टाइम लिव."

मी लिहिलं. म्हणालो, "काका, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी पडलं ते पडलं. एखाद्या दिवशी माझ्या हातनं बी पडलं असतं. पन मी तुला इचारलं, आन् उत्तर माझ्याच आवाजात आलं. बावीस वरसं त्या आवाजाखाली कुनाच्या केसाला धक्का लागला न्हाई. तो आवाज दिसतंय म्हनला, म्हनून मी घेतलं. तुझा आवाज आस्ता तर दुसऱ्यांदा इचारलं आस्तं. तुला वळखतो मी." वाक्यांमध्ये ते थांबतच नव्हते, आणि मी त्यांना एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "शेठम्होरं गप बसलास, त्ये बी सोड. ती ट्रॉली कोन वडतो, इचारलंस कधी?"

"नाही."

"मी इचारलं. जालन्याकडचा हाय, तुझ्याएवढाच. सुट्टी संपाया दोन मिन्टं ऱ्हायली हुती. त्याला जाऊन भेटलो मी. त्याला वाटलं मी भरपाई मागाया आलो." त्यांनी गाडीत बसलेल्या नवीन निरीक्षकाकडे पेन केलं. "आज बघनार कोन? ह्यो?"

"हो."

"त्याला सांगितलंस का, दिसत न्हाई म्हनायला?"

"सांगतो."

"सांगतो न्हाई. आत्ता. हितं, माझ्याम्होरं. न्हाईतर पेटी आत जानार न्हाई, तुझ्या शेठला सांग, कुनाला फोन लावायचा त्याला लाव."

मागे दोन ट्रक येऊन थांबले होते, एकानं हॉर्न धरला. मी गाडीची काच ठोकली आणि त्या पोराला म्हणालो, दिसलं नाही तर दिसत नाही म्हणायचं.

"पुटपुटतो काय," काका म्हणाले. "चारचौघांत नकला करताना बरा गळा फुटतो तुझा. मोठ्यानं बोल. त्यो ट्रक थांबंल."