अक्का फुकट हसत नसे

अक्काला हसवणं म्हणजे उन्हाळ्यात गिरणेच्या वाळूत झिरा खोदणं. पाणी लागायचं, पण हात सोलून निघाल्यावर. भडगावकडच्या एका शाळेत ती पाणी भरायची आणि मी शिपाई. ती माझी बायको. पोरं तिला अक्का म्हणत, म्हणून इथं मीही अक्काच लिहितो. बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नव्हती. चौथी शिकलेला माणूस मी, लिहिताना चुकेल. चुको.

हेडमास्तर विनोद करायचे तेव्हा सगळे मास्तर हसायचे. अक्का आपली माठ विसळत राहायची. एकदा त्यांनी विचारलंच, "अक्का, कळलं नाही का?"

"कळनं सर. पण हासू नही उनं."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आदल्या वर्षीच्या गॅदरिंगला गावानं शिट्ट्या मारून नाटकाचा पडदा पाडायला लावला होता. हेडमास्तर म्हणाले, "यंदा पडलं तर नाटक बंद. पुढं नुसती समूहगीतं." मराठीच्या सरांनी तरी हट्टानं एक जुनं विनोदी नाटक काढलं, त्यांच्या वडिलांच्या काळातलं. घरात खोटा जावई शिरतो, मागून खरा येतो, आणि म्हातारा सासरा चक्रावतो.

तालमीत पोरं आपल्याच वाक्यांवर हसून लोळायची. सर खूश. दारात घागर घेऊन उभी असलेली अक्का म्हणाली, "सर, पोरे सोताच हासी ऱ्हायनात. मंग लोकेस्नी काय करानं?"

दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. अक्का हसली तर प्रवेश पास. पंधरा दिवस ती हसली नाही. पोरांनी डोळे फिरवले, धडाधड पडून दाखवलं, एकानं धोतरसुद्धा सोडलं. सासरा झालेला पोरगा वैतागला, "अक्का, तुमना दात दुखतस का?"

"दात बठ्ठा शेतस, एकबी दुखत नही रे भाऊ. हासू येवाजोगं काही करा."

घरी मी म्हणालो, "हस की थोडं. नाटक बुडेल त्यांचं."

"मी खोटं हासनू तं ते बुडीच," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

दोन दिवस उरले आणि सासरा झालेल्या पोराला गालगुंड झालं. सर मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही नुसतं उभं राहून वाचा." मी बोट ठेवून एकेक अक्षर जोडायला लागलो. पोरं खुसखुसली. माझं डोकं फिरलं. कागद टाकला आणि तालमीत ऐकून पाठ झालेलं सासऱ्याचं वाक्य मधल्या सुट्टीत पोरांवर ओरडतो तसं ओरडलो, "माझ्या घरात जावई कोण आणि चोर कोण, हे मला कोणी सांगेल का नाही?"

अक्का हसली. तोंडावर पदर धरून, बाक हलेपर्यंत.

"झालं काय हसायला?" मी विचारलं.

"तुम्ही हासाडाले नही गयात. खरंखुरं चिडनात ना!"

सरांनी तेवढं धरलं. "कोणी हसवायचं नाही रे. भांडायचं ते खरं भांडा." सासरा माझ्याच गळ्यात पडला. गॅदरिंगला गाव पोट धरून हसलं, नाटक शाळेत राहिलं. मी मात्र पाण्याच्या पिंपाकडं बघत होतो. तिथं अक्का ढिम्म उभी. नंतर विचारलं तर म्हणे, "एकदाव हासनू ना मी. आखो कितलं हासू?"

शेवटच्या दुखण्यात, जळगावच्या दवाखान्यात तिनं पाणी पिणंही सोडलं, तेव्हा मी ते सासऱ्याचं वाक्य म्हणून पाहिलं. तिनं डोळे मिटले. "हासाडू नका."

मग मी खरंच चिडलो. "जन्मभर शाळेला पाणी पाजलंस, आणि तुला एक घोट जात नाही होय?"

ती हसली. थोडंसंच. दोन चमचे पाणी घेतलं.

तिला जाऊन आता आठ महिने झाले. सून टीव्हीवर हसायचं काहीबाही लावून देते, पाहुणे येऊन विनोद सांगतात. मनानं चांगली आहेत सगळी. पण मी सांगून ठेवलंय, मला हसवू नका. नीट बोला, वाटलं तर भांडा. हसू आलं तर हसेन.