पेटीत न मावणारी मूठ

नेमबाजीबद्दल मला जे काही कळतं ते सगळं मी आ वासून ऐकलेलं आहे. हे कौतुकाने म्हणत नाही. माझा दातांचा डॉक्टर हा माझा शाळेपासूनचा मित्र. खुर्ची मागे कलंडवून, तोंडात कापसाचे बोळे आणि लाळ ओढणारी नळी घालून झाली की तो आपल्या छंदाकडे वळतो. "श्वास अर्धा सोडायचा, मग थांबायचं, आणि ट्रिगर असा दाबायचा की आपला आपल्यालाही पत्ता लागता कामा नये. काय?" मी म्हणतो, "आँ." "बरोब्बर!" तो म्हणतो. इतका समजूतदार श्रोता त्याला स्वतःच्या घरात मिळत नाही.

छंद लागला तो चाळिशी उलटल्यावर. पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत तळघरात एक क्लब आहे. दहा मीटरवर टांगलेल्या कागदी वर्तुळावर हवेच्या पिस्तुलाने छर्रे मारायचे, एवढाच तिथला उद्योग. एक पेशंट त्याला आग्रहाने घेऊन गेला. पहिलाच छर्रा मधोमध, पुरे दहा गुण! दुसरा शेजारच्याच्या कागदावर लागला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो पहिला छर्रा चुकला असता तर आज हा माणूस सुखात असता आणि माझ्या दाढा वेळेवर भरल्या गेल्या असत्या.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणारे जुने लोक फार थोडक्यात भागवायचे. नेमबाजीत अंगण वाकडं असेल तर ते सरळ करणारी वस्तू विकत मिळते. छर्रा डावीकडे जातोय? बूट बदला. मग तळ लाकडासारखा ताठ असलेले बूट आले, जे घालून उभं राहता येतं पण चालताना माणूस बदकासारखा दिसतो. उजवीकडे जातोय? चष्मा बदला. मग एकाच डोळ्याला बारीक भोकाचं भिंग असलेला चष्मा आला. घोड्याने इकडेतिकडे बघू नये म्हणून झापडं लावतात तशी झापडं आली. ती लावून डॉक्टर आधी मान वळवून शेजाऱ्याचे गुण बघतो, मग आपला नेम धरतो. दहा मीटरवरचं भोक बघायला दुर्बीण आली, दुर्बिणीला तीन पायांची घोडी आली. हे सगळं वाहून न्यायला चाकांची बॅग आली आणि ती जिन्यावरून उतरवायला मी आलो. क्लबात त्याला डॉक्टर कोणी म्हणतच नाही. "या दुकानदार, आज काय नवीन माल?" असं स्वागत होतं.

सामान वाढलं, गुण होते तिथेच राहिले. मग सराव कमी पडतोय असा निष्कर्ष निघाला आणि आमच्या वहिनींच्या संसारावर संक्रांत आली.

वहिनी आर्किटेक्ट. केसांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, पर्समध्ये मोजपट्टी. गिऱ्हाइकाला नकाशा समजावताना लांब पॅसेज दिसला की त्यावर पेन्सिल आपटून त्या म्हणतात, "ही मेलेली जागा, फुकट गेलेली." आणि त्यांच्या स्वतःच्या घरात, आगगाडीच्या डब्यासारख्या त्या फ्लॅटमध्ये, पुढच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत अख्खा दहा मीटरचा पॅसेज! तो मोजला त्या दिवशी डॉक्टरने मला फोन करून सांगितलं होतं, आवाज असा की घरात पाळणा हललाय.

सुरुवातीला तो तिथे खरे छर्रे मारायचा. एकदा एक छर्रा निसटला आणि मागच्या खोलीत वहिनींनी पुठ्ठ्याची उभी केलेली एका इस्पितळाची प्रतिकृती होती, तिच्या तिसऱ्या मजल्यात आरपार गेला. वहिनी म्हणाल्या, "प्रसूतिगृह होतं ते!" तेव्हापासून घरात फक्त रिकाम्या पिस्तुलाचा सराव. नेम धरायचा, टक् करायचं, हात खाली. पण शिस्त तीच. पिस्तुलाच्या तोंडासमोरून कोणी जायचं नाही. म्हणजे स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे जायचं तर आधी "येतेय!" म्हणून ओरडायचं, तिकडून "थांबलो!" आलं की मग पळायचं. पाहुणे पाय आवळून उभे राहायचे.

शेवटी वहिनींनी पॅसेजच्या भिंतीवर एक नकाशा चिकटवला. चपलांचं कपाट. तीन कप्पे, वर बसायला फळी, भिंतीपासून इतकं पुढे आलेलं की पॅसेजमधली नेमाची सरळ रेघ बरोबर मधोमध तुटेल.

"यंदाच्या स्पर्धेत वरच्या फेरीला पात्र झालास तर पॅसेज तुझा," वहिनी म्हणाल्या. "नाहीस, तर सुतार येतोय. मंजूर?"

"मंजूर," डॉक्टर म्हणाला. सलग काही वर्षं तो त्या पात्रतेच्या रेषेखाली दोनचार गुणांनी आपटत होता, हे दोघांनाही माहीत होतं.

मी त्याला म्हटलं, "अरे, कपाट होऊ दे ना. क्लबात जाऊन मार छर्रे." तेव्हा पहिल्यांदाच, माझ्या तोंडात काहीही न घालता, तो माझ्याशी बोलला. "दिवसभर मी लोकांच्या तोंडात असतो. जरा चुकलं की समोरचा किंचाळतो. पॅसेजमध्ये उभा राहिलो की चूक झाली तर ती फक्त मला कळते. तेवढीच जागा आहे रे, जिथे कुणाला दुखत नाही." मी आपली बॅग उचलली.

आणि मग त्याने ती मूठ बनवली.

पिस्तुलाची लाकडी मूठ विकत मिळते ती सगळ्यांच्या हातांसाठी, म्हणजे कोणाच्याच हातासाठी नाही. नेमबाज लोक ती कानशीने घासतात, कुठे पुट्टी भरतात, हाताला बसवून घेतात. पण आमचा माणूस कवळ्या करणारा! त्याने जबड्याचा साचा घ्यायच्या मसाल्यात स्वतःचा पंजा रोवला. त्यावरून कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचे थर त्या लाकडावर चढवायला सुरुवात केली. धरून बघायचं, कुठे पोकळ वाटलं की थर. अंगठ्याखाली थर, करंगळीपाशी थर, तळहाताच्या खाली टेकू म्हणून एक जाडजूड ओठ. महिनाभर दवाखान्यात हेच. शेवटी मूठ अशी दिसायला लागली की एखाद्या राक्षसाच्या हिरड्या. पण डॉक्टरच्या हातात ती अशी बसायची की हात कुठे संपतो आणि पिस्तूल कुठे सुरू होतं ते कळू नये. घरच्या सरावात पिस्तूल हलेचना. तो खुश होता. एवढा खुश की मला भीती वाटली.

स्पर्धेच्या सकाळी वहिनीही आल्या. "निकाल मला त्याच्या तोंडून नको," म्हणाल्या, "तो 'जवळजवळ' हा शब्द फार वापरतो."

आता या खेळात छर्रे मारण्याआधी सामानाची तपासणी असते. ट्रिगर फार हलका नाही ना, हे वजन टांगून बघतात. आणि एक पेटी असते, ठरावीक मापाची. पिस्तूल त्या पेटीत अलगद उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर ते घेऊन स्पर्धेत उभं राहता येत नाही. ही गोष्ट प्रत्येक नेमबाजाला पाठ असते. डॉक्टरलाही होती. फक्त थर चढवताना तो नेमबाज नव्हता, कवळीवाला होता. आणि कवळी तोंडात बसते की नाही एवढंच बघायचं असतं, डब्यात बसते का हे कोण बघतो?

तपासणीच्या टेबलावर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं. मुठीचा खालचा ओठ कडेवर अडला.

"बसत नाही," बाई म्हणाल्या.

"जरा दाबा ना."

"दाबायचं नसतं."

"तिरकं घालून बघा की. जाईल."

"डॉक्टर," बाई म्हणाल्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी सरकवलं, तेव्हा मला उलगडा झाला की त्यांची कवळी डॉक्टरच्याच हातची. "मी आले होते तुमच्याकडे, खालचं बोचतंय म्हणून. तुम्ही काय म्हणालात? 'सवय होईल.'"

"मग घासून दिली होती की नंतर!"

"हो. मग तुम्हीही घासून आणा. तुमची फेरी सुरू व्हायच्या आत."

आम्ही बाहेर आलो. चाकांच्या बॅगेतलं दुकान जमिनीवर मांडलं. तीन टोप्या निघाल्या, दोन झापडं, दुर्बीण, गवंड्याची पाणसळ (ती कशाला हे डॉक्टरलाही सांगता येईना), चार प्रकारची पुसायची फडकी. कानस मात्र नाही. दवाखान्यात घासायची इतकी यंत्रं पडलेली आणि इथे घोडं अडलं. डॉक्टर पायरीवर बसला, मांडीवर पिस्तूल, चेहरा अक्कलदाढ काढलेल्या पेशंटसारखा.

वहिनींनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. आत गेल्या, पेटीचं आतलं माप घेऊन आल्या, मुठीला मोजपट्टी लावली, आणि त्या गुलाबी ओठावर एक बारीक, सरळ रेघ मारली.

"इथपर्यंत. ही पायरी चांगली खरखरीत आहे. घास."

डॉक्टर खाली वाकून महिनाभराची मेहनत सिमेंटच्या पायरीवर खराखरा घासायला लागला. गुलाबी पीठ उडत होतं. येणारेजाणारे नेमबाज त्याला वळसा घालून जात होते. एक जण म्हणाला, "दुकानदार, मोडीत काढली का?"

मी हळूच म्हटलं, "वहिनी, तुम्ही गप्प बसला असतात तर आज संध्याकाळी सुतार आला असता."

"भावजी, हरायचं तर छर्रे मारून हर म्हणावं. पेटीत बसलं नाही म्हणून काय हरतात?" मग त्याच्याकडे वळून, "सरळ धर रे! पोळपाट घासतोयस का?"

पिस्तूल पेटीत उतरलं. बाईंनी मान डोलावली. डॉक्टर आत गेला, बदकासारखा चालत जागेवर उभा राहिला, डावा हात खिशात घातला.

नेमबाजीची स्पर्धा बघणं म्हणजे माणसांच्या पाठी बघणं. रांगेने उभ्या पाठी, हात वर जातात, थांबतात, टप्, हात खाली. कोणी ओरडत नाही, कोणी नाचत नाही. पण डॉक्टरच्या पाठीवरून मला सगळं कळत होतं. सुरुवातीला तो सारखी मूठ चाचपत होता, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी. मग ते थांबलं. मग खांदे खाली आले. वहिनी समोरच्या फलकावरचे आकडे बघून ओठ हलवत होत्या. बेरीज करताना त्यांचे ओठ हलतात. शेवटच्या काही छर्ऱ्यांना त्यांनी माझा दंड धरला आणि तो सोडायचं त्यांना सुचलं नाही.

"शेवटचा दहा लागला तर पात्रतेत बसतो," त्या पुटपुटल्या.

डॉक्टरला हे माहीत नव्हतं. त्याने हात उचलला, नेम धरला, पटलं नाही म्हणून खाली घेतला, पुन्हा उचलला. टप्.

नऊ.

एका गुणाने गेला. माझ्या दंडावर चार बोटं उमटली होती.

गाडीत डॉक्टर चालवत होता, वहिनी शेजारी, मी मागे, मांडीवर दुकान. मग डॉक्टर म्हणाला, "शेवटच्याला मूठ जराशी फिरली. खाली टेकू कमी पडला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुझी रेघ किंचित आत पडली असेल. होतं असं घाईत."

मला वाटलं गाडी थांबवायला लागणार. वहिनी सीटवर आडव्या वळल्या. "माझी रेघ? माझ्या रेघेवर उभी राहिलेली एक भिंत आजवर पाडावी लागलेली नाही! रेघ राखून घासायचं असतं. तू रेघसुद्धा खाल्लीस. सगळी!"

"रेघेची जाडी ती केवढी..."

"तुझा एक गुण केवढा?"

डॉक्टरने उगाचच गिअर बदलला.

"पिस्तूल दाखव. भावजी, काढा हो ते." मी बॅगेतून रिकामं पिस्तूल काढून, तोंड खिडकीबाहेरच्या जमिनीकडे करून, त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी मोजपट्टी लावली. "हे बघ! इथे रेघेच्या आत गेलायस. इथे तर अर्धी पेन्सिल आत. घरी गेल्यावर एक थर चढव. मी पुन्हा रेघ मारते, शाईने. आणि पुढची स्पर्धा याच मुठीने खेळायची. रोज सराव. मी समोर बसणार, बघते कशी फिरते."

"रोज?" डॉक्टर सावधपणे म्हणाला. "कुठे?"

"पॅसेजमध्ये! आणखी कुठे?"

"आणि ते... सुतार?"

"सुताराचं नाव काढू नकोस. आज कपाट बसवलं की तू आयुष्यभर प्रत्येक पेशंटच्या तोंडात बोळे कोंबून सांगणार, बायकोची रेघ चुकली म्हणून हरलो. आधी माझी रेघ बरोबर ठरू दे. चपला राहतील पडलेल्या."

आरशात मला डॉक्टरचा चेहरा दिसला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. तो तोंड उघडून काहीतरी बोलणार, बहुतेक "रेघेबद्दल माझं खरं मत" वगैरे. मी मागून त्याच्या सीटला जोरात गुडघा मारला. त्याने तोंड मिटलं आणि गाडी घराकडे वळवली.