कच्च्या टाक्यावरची सही

बादलीतले निम्मे कपडे दोरीवर गेले होते, निम्मे अजून पिळायचे होते. चादरीचं एक टोक दातात धरून वहिनी दुसरं झटकत होती, तेवढ्यात तिला वरच्या गॅलरीतून दिसलं, की एक अनोळखी माणूस खाली नणंदेच्या खिडकीला टेप लावून मापं घेतोय.

"अहो, काय हरवलंय का तिथे?" तिने वरूनच हाक मारली.

"नाही मावशी, माप घेतोय. उद्या गिऱ्हाईक येणार आहे घर बघायला."

"कुणाचं घर?"

"हेच, खालच्या दोन खोल्या."

वहिनीला हसूच आलं. "घर चुकलात तुम्ही. इथली मालकीण मेल्याशिवाय इथून हलत नाही. रोज ऐकवते मला."

"मालकिणीने नाही हो, मालकांनी पाठवलंय," एजंट म्हणाला, आणि त्याने नाव घेतलं ते वहिनीच्या मुलाचं. "आत्याबाईंची सोय वृद्धाश्रमात झालीये म्हणाले."

चादर हातातून सुटली ती सरळ खालच्या चिखलात. वहिनी तशीच ओल्या हातांनी जिना उतरली.

ती खाली पोचली तोवर नणंद भिंत चाचपत दारात आली होती. हातात पाण्याचा पेला. "वहिनी, कोण गं? मीटरवाला असेल तर सांग त्याला, मीटर माझ्यापेक्षा धडधाकट आहे. आणि आधी पाणी पी म्हणावं, ऊन किती आहे!" एजंटाने पेला घेतला, पाणी प्यायला, पेला तिच्या हातात नीट टेकवला. मग टेप गुंडाळून खिशात घातला. फाटकापाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "मावशी, यांना काहीच माहीत नाही वाटतं."

वहिनीने नुसती मान हलवली.

"मी नाही आणत गिऱ्हाईक. पण मी नाही तर दुसरा येईल. म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारी घेतात ना, त्या ऑफिसात जा. साक्षीदार काय सांगतो हे आधी विचारतात तिथे. घराच्या कागदावर साक्षीला कोण होतं?"

तो स्कूटरला किक मारून गेला, वहिनी फाटक लावून आत वळली. साक्षीला तीच होती.

या नणंदेला सगळी गल्ली काजेबाई म्हणायची. वयाने ती वहिनीपेक्षा चांगली मोठी, पण नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणून मान वहिनीचा आणि तोरा नणंदेचा, असा दोघींचा जन्मभराचा हिशेब. लग्न होऊन गेली आणि वर्ष फिरायच्या आत पांढऱ्या कपाळाने भावाच्या दारात परत आली. भावाने घरात घेतलं, पण भावाच्या ताटात जेवायचं नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात ठरवलं. शिंप्यांच्या दुकानांतून शर्टांचे गठ्ठे आणायचे, काजं-बटणं करून परत द्यायचे. बोलायला साधं काम. पण तिच्या हातचं काज असं बसायचं, की शिंपी गिऱ्हाइकाला सांगायचे, "शर्ट फाटेल, काज उसवणार नाही." वहिनी या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्या दिवशी तिच्या पदरात सुई अडकली, ती काजेबाईचीच. "बघून बस गं, हे घर सुयांचं आहे," असं म्हणून तीच हसली होती.

भावाने वरचा मजला बांधला, खालच्या दोन खोल्या तिने आपल्या कमाईतून स्वतःच्या नावावर करून घेतल्या. पुढे कधी कुणी टाकून बोललं, तर भिंतीवर हात ठेवून म्हणायची, "यातली एकही वीट कुणाच्या बापाची नाही. काजांची आहे."

तिला स्वतःचं मूल नव्हतं. भावाचा मुलगा शर्टांच्या गठ्ठ्यावर झोपायचा, आणि तो उठू नये म्हणून ही दुपार दुपार मांडी न हलवता काम करायची. त्याची शाळेची फी, पहिली सायकल, पुढे दुकानाचं पहिलं भांडवल, सगळं तिच्याच सुईतून निघालं. "माझा भाचा," म्हणायची तेव्हा 'माझा'वरच जोर असायचा. वहिनी मनातल्या मनात म्हणायची, नऊ महिने मी वाहिला आणि मिरवते ही.

डोळे गेले ते कामापायीच, हळूहळू. नाव मात्र ती झोपेतही लिहू शकली असती. फक्त कुठे लिहायचं ते दिसायचं नाही. बँकेत एकदा सही ओळीखाली गेली, एकदा शिक्क्यावर. तेव्हा वहिनीनेच युक्ती काढली. कागद आधी मोठ्याने वाचून दाखवायचा, मग सहीच्या जागी सुईने एक कच्चा टाका घालायचा. नणंद बोटाने टाका शोधायची, त्यावर सही ठोकायची आणि दोरा ओढून काढायची. बँकेतला कारकून आधी हसला, मग त्यालाही सवय झाली. "टाका घालून आणलाय ना?" असं तोच विचारू लागला. नणंदेचा एकच नियम: टाका नाही तर सही नाही. कारण टाका म्हणजे वहिनीने वाचलंय. भाचा कधी घाईत कागद पुढे करायचा, तर ती मान हलवायची. "आधी तुझ्या आईकडे जाऊन ये."

भावाच्या माघारी हळूहळू सगळा कारभार मुलाच्या हाती गेला. आत्याला बँकेत जायचा त्रास नको म्हणून तिचं एटीएम कार्ड त्याने स्वतःकडे ठेवलं. फोनवर नको नको ते लोक येतात म्हणून तिचा फोन काढून घेतला. लोक वहिनीला म्हणायचे, "असा भाचा नशिबाने मिळतो हो." ती देवापुढे हात जोडून म्हणायची, माझ्या पोराला सद्बुद्धी दिलीस. नणंदेला चष्मा बदलायचा होता, तर तो म्हणाला, पुढच्या महिन्यात. पुढचा महिना आला तशी तीच म्हणाली, "राहू दे, नाही तरी चष्म्याने कुठे दिसतं?" आपलेच पैसे मागताना तिचा आवाज खाली जायला लागला होता. वहिनीला तो ऐकू आला नाही असं नाही. पण पोटच्या पोराबद्दल वाईट विचार मनात आणायला आईला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पोराला पुरतो.

मग ती सकाळ आली. वहिनीकडे प्रार्थनेला बायका यायच्या होत्या. सतरंजी घालायची होती, फुलं निवडायची होती. मुलगा जाडजूड कागद घेऊन आला. "आई, आत्याचे नेहमीचेच आहेत. मी पेन्सिलने खुणा केल्यात, पटकन टाके घाल. दुपारी ऑफिसला जायचंय तिला घेऊन. तूही चल, साक्षीला लागतेस."

"वाचायला हवं ना रे."

"मी वाचलंय की. की माझ्यावरही विश्वास नाही?"

तिने कागद उघडला, पहिल्या ओळीतले लांबलचक शब्द पाहिले, दारात चपला वाजल्या, आणि तिने सुई उचलली. खुणा होत्या तिथे तिथे टाके पडले.

दुपारी रिक्षा बँकेपाशी थांबली नाही. नोंदणी कचेरीची पायरी चढताना वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. "इथे कशाला?" तिने विचारलं, तर मुलगा म्हणाला, "घराचा कर सुरळीत लावून घ्यायचाय." आत कारकुनाने नणंदेला विचारलं, "आजी, स्वखुशीने देताय ना?" नणंदेने उत्तर द्यायच्या आधी आवाजाच्या अंदाजाने वहिनीकडे तोंड वळवलं आणि मोठ्या विश्वासाने म्हणाली, "वहिनीने वाचलंय." खुर्च्या सरकत होत्या, शिक्के आपटत होते. वहिनीने त्या वेळी 'नाही' म्हटलं असतं तर तिथेच सगळं थांबलं असतं. ती गप्प राहिली. मग तिने साक्षीदाराच्या जागी आपलं नाव लिहिलं. घरी येऊन तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ प्रार्थना केली. देव मनातलं वाचतो, पण कागद वाचायचं काम त्याने माणसावर सोपवलंय, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

एजंट येऊन गेला त्या दिवशी मुलगा दुपारी जेवायला आला. वहिनीने ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

"खाली टेपवाला आला होता."

"आज आला? उद्या ये म्हटलं होतं गाढवाला." तो भात कालवत राहिला.

"म्हणजे खरंय."

"काय खरंय? आई, आत्याला दिसत नाही, खाली ओल येते. उद्या पडली-बिडली तर कोण बघणार? तिथे नर्स असते, वेळेवर खाणं असतं. मी वाईटावर नाहीये तिच्या."

"तिला विचारलंस?"

"सही केलीये तिने."

"मी टाके घातले म्हणून केली."

"मग!" तो पहिल्यांदा वर बघून हसला. "टाके तू घातलेस, साक्षीला तू बसलीस, आणि चोर मी? दुकान बुडत होतं तेव्हा तूच म्हणालीस ना, देव काहीतरी वाट काढेल? काढली वाट."

"देवाच्या नावावर घालू नकोस. त्याने नाही काढली ही वाट."

मुलाचं हसू गेलं. "आणि एक लक्षात ठेव, बाबा गेल्यावर हा वरचा मजलाही तूच माझ्या नावावर केलायस. उगाच कुणाचं ऐकून कुठे बोलायला जाऊ नकोस. या वयात तुला झेपायचं नाही."

धमकी त्याने आवाज न चढवता दिली, ताटात पाणी ओतून हात धुतले आणि दुकानात गेला. वहिनी उष्ट्या ताटाकडे बघत राहिली. लहानपणी हाच पोरगा आत्याची सुई हरवली की रडत घरभर शोधायचा. तो केव्हा बदलला, हे तिला कितीही आठवून सापडेना. बदलताना ती तिथेच होती, याच घरात, याच चुलीपाशी.

खाली जायला तिला वेळ लागला. गेली तेव्हा नणंद खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. डोळ्यांचं काम गेलं तरी बोटं रिकामी राहायची नाहीत.

"आज पावलं जड का गं? पोराशी वाजलं वाटतं."

वहिनीने सगळं सांगितलं. कागदाचं, कचेरीचं, टेपवाल्याचं, वृद्धाश्रमाचं. न वाचता टाके घातल्याचंही. ते तिने गाळलं नाही.

नणंदेने घडी पुरी केली. ती घातली, मोडली, परत घातली. मग विचारलं, "तिथे आपलं कपाट नेऊ देतात का?"

"वन्सं, असं नका बोलू हो."

"मागितलं असतं तर दिलं असतं गं. माझ्यामागे त्याचंच होतं की. मी काय वर घेऊन जाणार होते?" घडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "आंधळीची काठी म्हणायचे मी त्याला. गल्लीभर सांगितलं."

"आपण तक्रार देऊ. एक ऑफिस आहे म्हणतात."

"नको बाई. आपलेच दात, आपलेच ओठ. लोक काय म्हणतील, आत्याने भाच्याला कचेरीत ओढलं?"

"तुम्ही नका ओढू. मी सांगते तिथे, की साक्षीदार मी होते आणि मी वाचलं नव्हतं. तुम्हाला काय कागद होता ते माहीत नव्हतं, एवढंच तुम्ही खरं सांगा."

"आणि तो तुला वरून काढेल, मग?"

"मग खाली तुमच्याकडे येईन. दोन खोल्या आहेत ना?"

"माझ्या कुठे राहिल्यात आता?" असं म्हणून नणंद हसली, आणि त्या हसण्याने वहिनीला जेवढं लागलं तेवढं शिव्या दिल्या असत्या तरी लागलं नसतं. ती खाली जमिनीवर बसली, नणंदेच्या गुडघ्यावर कपाळ टेकून. "चुकले मी. मला रागवा तरी."

नणंदेचा हात तिच्या डोक्यावर आला नाही. शिवी मात्र आली, जुनी, प्रेमातली, सून म्हणून आली तेव्हापासूनची. पण आवाज कोरडा होता.

"ऊठ. गुडघे दुखतील तुझे, मग चोळायचे मीच." मग जणू भाजीचा भाव सांगतेय तशा सुरात ती म्हणाली, "जाऊ आपण. या भिंती मी फुकट नाही मिळवल्या. पण एक ऐक वहिनी. तिथे जे लिहून होईल ना, ते मला तिथल्याच कुणाकडून तरी वाचून घ्यायचंय. तू नको वाचूस."

"बरं," वहिनी म्हणाली.

दुसरं काही म्हणायचा तिला हक्क उरला नव्हता, आणि ते तिला कळत होतं. एवढ्या वर्षांत दोघींची भांडणं कितीतरी झाली. मिठावरून झाली, पाण्यावरून झाली, या पोराच्या लाडावरून तर रोज झाली. एकही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नाही. हे भांडण झालंच नाही, म्हणून ते मिटणारही नव्हतं. खोल्या परत मिळतील की नाही कोण जाणे. पण तो शब्द, 'वहिनीने वाचलंय', तो कुठलंही ऑफिस परत देणार नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा तिने त्याला जेवायला वाढलं, आणि वाढता वाढताच सांगून टाकलं, "उद्या मी वन्संना घेऊन तक्रार द्यायला जातेय. तुझ्यामागे नको, तुला सांगून जातेय." तो ताटावरून उठला. काय काय बोलला. ती भांडी आवरत राहिली, आणि मनातल्या मनात देवाकडे त्याच्यासाठी जे रोज मागायची तेच मागत राहिली.

सकाळी आधी बँकेत जायचं होतं, नणंदेचं मुलाकडे असलेलं एटीएम कार्ड बंद करायला.