लांबून कोण चांगलं टाकतं?

चार माणसं एका जागी रोज भेटायला लागली की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. घरी सांगायला जावं तर बायको म्हणते, "ह्यात हसण्यासारखं काय आहे?" ग्राउंडवर मात्र तोच किस्सा पन्नासाव्यांदा निघाला तरी प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी अचूक हसतो.

आमचं ग्राउंड म्हणजे जालन्यातल्या एका शाळेमागचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. दोन खांब, त्यातला एकच धड. सकाळी सहाला आम्ही तिथं जमतो. मी बियाण्यांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. शंभर दाणे पेरायचे आणि किती उगवले ते मोजायचे, हे माझं काम. सलीमभाईंचं मस्तगडला वेल्डिंगचं दुकान आहे. विष्णू मूळचा केदारखेड्याचा, घरी अजून मेंढरं आहेत, तो इथं सळईच्या कारखान्यात कामाला. आणि वाघमारे सर, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. आमच्यातलं खरं बास्केटबॉल फक्त सरांना येतं. बाकी आम्ही हौशी.

आम्हा सगळ्यांना खोड एकच. लांबून टाकायची! रिंगखाली जाऊन सोपा बॉल टाकणं आमच्यात कमीपणाचं समजतात. बाहेरच्या रेघेमागून टाकला तरच तो बॉल.

*

अमेरिकेत रात्री मॅच असली की इकडं आपली सकाळ असते. खेळून झालं की आम्ही टपरीवर चहा घेतो आणि विष्णूच्या फोनवर मॅच लावतो. तिकडच्या खेळाडूंची नावं आमच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून आम्ही आमचीच ठेवली. एक बुटका, तो अर्ध्या ग्राउंडातून टाकतो. एक लांबडा, हात वर केला की त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. आणि एक मुका. तो बॉल आपटत नाही, नाचत नाही. मिळाला की टाकतो आणि पळतो.

ह्यांच्यात लांबून सगळ्यात चांगलं कोण टाकतं, ह्यावर आमचे कैक चहा गार झालेत.

सलीमभाई बुटक्याचे भक्त. एकदा त्यांनी त्याचा व्हिडिओ दाखवला. बॉल जातोय, जातोय, जातोय. एकही चुकत नाही.

सर म्हणाले, "सलीम, ह्यात फक्त गेलेलेच दाखवलेत. चुकलेले कुठंयत?"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "सर, शादी के अल्बम में झगडे के फोटो कौन लगाता है?"



*

आमची जुनी रिंग एकदा तुटली. सलीमभाई म्हणाले, "घरचं काम आहे, मी बनवतो." दोन दिवसांत त्यांनी सळई वाकवून, लाल रंग मारून, स्वतः शिडीवर चढून बसवली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आठ महिने आमचा एकही बॉल धड जाईना. विष्णू म्हणायचा, रात्रपाळीनं हात जड झाला. मी चष्म्याचा नंबर तपासून आलो. सलीमभाईंनी तर खांद्याला तेल चोळायला एक माणूस लावला. सर रोज आमच्या मनगटात नवी चूक काढत होते.

एका रविवारी सर टेप घेऊन शिडीवर चढले. खाली उतरले ते हसतच.

"सलीम, जुन्या रिंगचं माप आतून घेतलंस की बाहेरून?"

सलीमभाईंनी रिंगकडं बघितलं. "बराबर लक्षात न्हाई, सर. पण आतून असंल, अन् नवी बाहेरून तेवढी केली."

रिंग दीड इंचानं लहान होती. आठ महिने आम्ही प्रत्येक जण स्वतःलाच दोष देत होतो. नवी रिंग बसली, बॉल जायला लागले, सगळे खूश. फक्त विष्णू तोंड पाडून उभा.

"काय रे, तुला काय झालं?"

"जुनीच बरी व्हती," तो म्हणाला. "आता चुकलं तर कुणाला बोलायचं?"

*

विष्णूचा बॉल बघण्यासारखा असतो. दोन्ही हातांनी, छातीपासून, पुढं झेप घेऊन तो ढकलतो. दिसतं वेडंवाकडं, पण जातो. सरांना ते सहन व्हायचं नाही.

"विष्णू, कोपर आत. मनगट मोड. एका हातानं टाक."

विष्णूनं सरांचं ऐकलं. तीन महिने रोज अर्धा तास लवकर येऊन त्यानं कोपर आत घेतलं. हात दिसायला लागला अगदी टीव्हीतल्यासारखा. आणि बॉल जायचा बंद झाला. तो कमी बोलायला लागला. खेळायच्या आधीच दमल्यासारखा दिसायचा.

तेव्हा त्याचे वडील दवाखान्याच्या कामासाठी जालन्याला आल्ते. विष्णूनं त्यांना ग्राउंडवर आणलं. म्हातारबाबा कठड्यावर बसले, काठी मांडीवर आडवी. मुलाचे दहा-बारा बॉल त्यांनी बघितले. मग सरांना विचारलं, "मास्तर, ह्याचा हात कुणी बांधून टाकला?"

सर जरा चमकले. "शिकवून राह्यलो त्याला, बाबा."

"शिकवा की. पण मेंढरू वळवायचं आसंल तर ढेकूळ त्याच्या म्होरं टाकावं लागतं. अंगावर न्हाई, लई लांब बी न्हाई. हे पोरगं सात वर्साचं आसल्यापसून टाकतंय. ह्याचा कोपर कुठं ऱ्हातो ते म्या कधी बघितलं न्हाई. ढेकूळ कुठं पडतं ते बघितलं."

सरांनी बॉल उचलला आणि विष्णूकडं दिला. "तुझं तू टाक."

विष्णूनं दोन्ही हातांनी ढकलला. गेला!

घरी जाताना सर मला म्हणाले, "एकतीस वर्षं शिकवलं रे. आता भीती वाटते, असे किती हात बांधले असतील."

*

कोर्टाच्या कडेनं एक बाई रोज फिरायला यायच्या. सलवार-कमीज, पांढरे बूट, मान खाली. दोन वर्षं त्या आमच्याभोवती गोल गोल फिरत होत्या. आम्ही त्यांच्याकडं, त्यांनी आमच्याकडं कधी बघितलं नाही.

एकदा माझा बॉल खांबाला लागून त्यांच्या पायाशी गेला. मी हात केला, "ताई, इकडं टाका."

त्यांनी बॉल उचलला. दोनदा आपटला. आमच्या रेघेच्याही चार पावलं मागं उभ्या होत्या. तिथूनच टाकला. रिंगच्या मधोमध!

आम्ही चौघं पुतळ्यासारखे. त्या पुढं चालायला लागल्या.

सलीमभाई मागं पळाले. "ओ ताई! हे काय व्हतं?"

तेव्हा कळलं. शुभांगीताई, सरकारी दवाखान्यात नर्स. माहेर तीर्थपुरीचं. शाळेत असताना जिल्ह्याच्या टीममध्ये खेळायच्या. लग्नानंतर बॉलला हात लावला नव्हता.

"दो साल हमारे बाजू से फिरती रही, अन् एक लफ्ज न्हाई?" सलीमभाई कळवळून म्हणाले.

ताई म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाच झालो.

*

मॅचची शेवटची काही सेकंदं होती. टपरीवर पाच डोकी एका फोनवर. मुक्याला बॉल मिळाला, रेघेच्या कितीतरी मागं. त्यानं टाकला, बॉल हवेत गेला, आणि विष्णूचं नेटवर्क गेलं!

चित्र तिथंच थांबलं. बॉल हवेत. मुक्याचा हात वर.

"गेला," सलीमभाई म्हणाले.

"काहून? बुटका असता तर मानलं असतं," विष्णू म्हणाला.

सरांनी चष्मा काढून फोन डोळ्याशी धरला. "मनगट चांगलं मोडलंय. पण उजवीकडं जाईल असं वाटतंय."

मी म्हणालो, "पन्नास टक्के."

"तू तर बोलूच नको," सर म्हणाले.

ताईंनी फोन मागितला. बॉलकडं त्यांनी बघितलंच नाही. कोपऱ्यात बोट ठेवलं. "हे बघा. त्याच्याच टीमचे दोघं पाठ फिरवून परत निघालेत. बॉल अजून हवेत आहे. रोज ह्याच्याबरोबर खेळणारी माणसं आहेत ही. गेलाय."

नेटवर्क आलं. गेला होता.

तेव्हापासून वाद निघाला की सर पहिल्यांदा ताईंकडं बघतात. ताईंचं उत्तर ठरलेलं असतं, "मला मुका आवडतो. टाकल्यावर तो कुणाकडं बघत नाही."

*

आता माझी एक चूक सांगतो.

रोजच्या वादाला मी कंटाळलो होतो. म्हटलं, आपल्यात तरी कोण चांगलं टाकतं ते पुराव्यानं ठरवू. लॅबमध्ये उगवण लिहितो तशी एक वही केली. महिनाभर प्रत्येकानं रेघेमागून रोज दहा बॉल टाकायचे, मी खुणा करायच्या.

महिना संपला. ताई पहिल्या. विष्णू दुसरा. सलीमभाई सगळ्यात शेवटी, माझ्याही खाली.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. का वाचलं, अजून कळत नाही. आम्हा सगळ्यांना सलीमभाई म्हणजे लांबून टाकणारा माणूस वाटायचे. कारण त्यांचा बॉल गेला की ते असे ओरडायचे की शाळेच्या छतावरची कबुतरं उडायची. चुकलेले कुणाच्या लक्षातच राहायचे नाहीत. त्यांच्याही नाही.

ते हसले. "बराबर आहे," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी मस्तगडला दुकानात गेलो. खिडकीची जाळी जोडून राह्यले होते. मला बघून तोंडावरची काच वर केली.

"गजूभाऊ, मी झूठ न्हाई बोलत होतो. मला खरंच वाटायचं, बहुत जातात."

मी म्हणालो, "उद्या या."

"बघतो."

सकाळी ते आले. कुणाशी न बोलता बॉल घेतला, सरळ रेघेवर गेले, टाकला. फळीलाही लागला नाही. ते माझ्याकडं वळून ओरडले, "लिखो!"

दुसरा टाकला. तोही गेला नाही. "ये भी लिखो!"

कबुतरं उडाली. वही मी घरीच ठेवून आलो होतो.

*

सरांच्या डोळ्यांचं आम्हाला उशिरा कळलं. पास दिला की बॉल त्यांच्या खांद्यावर आदळायचा. ते म्हणायचे, "लक्ष नव्हतं." एके दिवशी ताईंनी त्यांना बाजूला घेतलं, डोळ्यांसमोर बोटं धरली आणि दवाखान्यात नेलं. काचबिंदू. बराच पुढं गेलेला. जे गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. राहिलेलं वर्षभरात गेलं.

सर सहा महिने घराबाहेर पडले नाहीत. मग एके सकाळी सलीमभाईंनी त्यांना स्कूटरवर मागं बसवून आणलं. सर कठड्यावर बसायला लागले. आमचे बॉल ऐकायचे. "विष्णू, आज हात जड आहे तुझा," असं तिथूनच सांगायचे. बरोबर असायचं.

थंडीचे दिवस होते. सर अचानक उठले. "मला रेघेवर उभं करा."

सलीमभाईंनी कोपराला धरून नेलं. ताईंनी वाकून त्यांचा बूट रेघेमागं सरळ केला. मी हातात बॉल दिला. त्यांनी तो दोन-तीनदा फिरवून बोटांनी शिवण शोधली.

"विष्णू, रिंगखाली जाऊन बोल काहीतरी."

"काय बोलू, सर?"

"बस, एवढंच."

पावसाळ्यात आमची जाळी कुजून पडली होती, नवी अजून लावली नव्हती. नुसती उघडी रिंग. म्हणजे बॉल स्वच्छ आतून गेला तरी आवाज नाही, आणि अलीकडंच पडला तरी नाही.

सरांनी टाकला. बॉल रिंगच्या हातभर अलीकडं पडला.

"गेला!" आम्ही ओरडलो. चौघंही, एकदम.

सर हसायला लागले. पोट धरून हसले. "अरे, इतक्या वर्षांत तुमचं चौघांचं कधी एकमत झालंय का? द्या दुसरा."

मी दुसरा दिला. कुणाला कुणाकडं बघवत नव्हतं. सरांनी श्वास घेतला, गुडघे वाकवले आणि टाकला. बॉल उंच गेला, अगदी सावकाश खाली आला आणि कडेला कुठंही न लागता रिंगच्या मधून पडला. खाली विष्णूनं तो झेलला आणि छातीशी धरून ठेवला. जमिनीवर आपटूसुद्धा दिला नाही.

कुणी ओरडलं नाही. सलीमभाईंनी तोंडावर हात ठेवला होता. ताई बघत उभ्या होत्या.

सरांचा हात अजून वरच होता. ते कान देऊन ऐकत होते. मग हात सावकाश खाली घेतला.

"हं," ते म्हणाले. "हा गेला."