कुंदाच्या मळक्या बाहुल्या

कुंदा गेली तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात होते. थोड्या वेळासाठी खाली गेले होते, परत वर चढत होते, आणि मला तिच्या भावाचा फोन आला. भाऊ वर खोलीत, मी मधल्या जिन्यात, आणि हा मला फोन कशाला करतोय, असं म्हणून मी तो न उचलताच चढत राहिले. वर पोचले तेव्हा कळलं. आता या गोष्टीला काही आठवडे झाले, पण मी खाली का गेले होते ते मला आठवत नाही. चहा प्यायला? छे, चहा नको होता. मोबाइलला रेंज नव्हती म्हणून? की तिचा तो श्वास ऐकवेना म्हणून मी पळाले...? भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "शांतपणे गेल्या ना?" आणि मी मान हलवते. मला काय माहीत? मी जिन्यात होते.

माझं मन हे असं झालंय, आणि अशा मनानं मी तिच्यावर लिहायला बसले आहे. क्रम चुकेल. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमची ओळख नाशिकच्या डी.एड.च्या वसतिगृहातली. ती नामपूरची, कांद्याच्या बाजाराच्या गावची. खोलीत पाऊल टाकताच तिनं माझी घडी घातलेली चादर, रांगेत लावलेल्या बाटल्या, कपाटाला लावलेला कागद, सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हाई काय शे? इथं माणूस राहतं का दुकान आहे?" तेव्हापासून माझ्या टापटिपीची टिंगल हा तिचा हक्क झाला. रागावली किंवा लाडात आली की अहिराणीत शिरायची, एरवी चारचौघांसारखं बोलायची. मला शहरातल्या एका खासगी शाळेत नोकरी मिळाली. तिला पेठ गावाच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवलं. सगळे म्हणाले, वर्षभर काढ, मग बदली घे. तिनं बदलीचं नावच काढलं नाही. लग्नही केलं नाही. का, ते मला सांगितलं नाही, आणि मला वाटायचं की इतक्या जुन्या मैत्रीत ते न विचारताच समजायला हवं. मला समजलं नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बाहुल्यांची कल्पना खरं तर माझी. म्हणजे मी कुठंतरी वाचलं होतं की परदेशातल्या शाळा कागदाच्या बाहुल्या टपालानं एकमेकींना पाठवतात. बाहुली तिथं राहते, फिरते, परत येते, आणि मुलांना दूरदूरचे मुलूख कळतात. एका शनिवारी ती घरी आली असताना मी कौतुकानं सांगितलं. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "टपाल कशाला? माझा अर्धा वर्ग दिवाळी झाली की निघतोच." आणि खरंच होतं ते. भाताची कापणी उरकली की पाड्यावरची घरंच्या घरं कुलपं लावून मजुरीला उतरतात. कुणी निफाडकडे द्राक्षबागांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी कांद्याला. सोबत पोरंही जातात. होळीला परततात, आणि तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. दूरची गावं त्या मुलांनी पाहिलेली असायची, पण वर्गात त्यांना कुणी विचारत नसे. उलट, पाढे विसरले म्हणून तीच मान खाली घालून बसायची.

कुंदानं मग मागं राहणाऱ्या प्रत्येक मुलाला पुठ्ठ्यावर स्वतःची वीतभर बाहुली करायला लावली. आपले केस, आपला सदरा, तुटलेला दात असला तर तोही. दिवाळीआधी ती बाहुली जाणाऱ्या मुलाच्या हातात द्यायची. हिला घेऊन जा, तू जाशील तिथं ने, होळीला परत आण. अट एकच, तिला जपायचं नाही. मी म्हटलं, अगं, पुठ्ठा टिकणार नाही, मी इथून प्लास्टिक चढवून देते सगळ्यांना. ती माझ्यावर अशी ओरडली की माझे मिस्टर बाहेरच्या खोलीतून आत आले. "नीले, मळायलाच तर पाठवतेय त्यांना! ही पोरं पत्र लिहिणारेत का? बाहुली जे अंगावर घेऊन येईल तेच पत्र."

होळीनंतर एकदा मी मुद्दाम तिचा वर्ग बघायला गेले. पोरं गोल बसली होती आणि मधोमध त्या बाहुल्या... मला तर हात लावायची किळस आली. पण पोरं एकेक उचलून नाकाला लावत होती, उन्हात धरत होती. एकीच्या अंगावर निळसर डाग. "औषध! द्राक्षाच्या बागंतलं!" एकीचे पाय लालभडक. "भट्टी!" तिसरीला नुसता कांद्याचा वास. जिनं ती बाहुली नेली होती ती मग उभी राहून सांगायची, कांद्याच्या चाळीत निजायचं कसं, ट्रक रात्री भरतात की पहाटे, तिथलं पाणी गोड की खारट. पाढे विसरलेली पोरगी सगळ्या वर्गाला शिकवत होती, आणि कुंदा मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. चष्मा पदराला पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती.

माझ्या शहरातल्या वर्गाशीही आम्ही एकदा अदलाबदल केली. तिच्या मुलांच्या बाहुल्या माझ्याकडे, माझ्या मुलांच्या तिच्याकडे. माझ्या वर्गातल्या बाहुल्या काय वर्णाव्यात... चमकी, लेस, एकीला तर खरे कानातले. त्या होळीला परत आल्या तेव्हा एका आईनं शाळेत येऊन मला विचारलं की मॅडम, याच्यातून इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण. आणि डोंगरातल्या बाहुल्या? माझ्या मुलांनी त्यांना गोदाकाठी गंगेवर नेलं, मॉलमध्ये नेलं, वाढदिवसाला नेलं, सगळीकडे प्लास्टिकच्या पाकिटात घालून. जशा आल्या तशा स्वच्छ परत पाठवल्या. पाड्यावरच्या वर्गानं त्या उलटसुलट केल्या, हुंगल्या आणि निकाल दिला, "बाई, या कुठं गेल्याच नाय." कुंदा मला हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. नाशिकला जगण्यासारखं काही घडत नाही, असं त्या वर्गाचं बरीच वर्षं मत होतं.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे. दरवर्षी ती एक बाहुली स्वतःचीही करायची. जाड चष्मा, आखूड वेणी, पायात स्लीपर. ती मात्र वाटेल त्याला द्यायची नाही. जे मूल होळीला परत शाळेत येईल की नाही याची तिला धास्ती असे, त्याच्या हाती द्यायची. बाईंचीच बाहुली आपल्याकडे म्हटल्यावर ती परत करायला यावंच लागतं. हे तिनं मला कधी उघड सांगितलं नाही, पण इतकं मला कळत होतं. यंदा ती बाहुली यमुनाकडे होती. यमुना चौथीतली. घरात धाकटा भाऊ, अजून अंगावर पिणारा, आणि त्याला सांभाळायला हीच. दिवाळीत तिची आई कुंदाला म्हणाली होती, "आता बास झाली हिची शाळा." ते सांगायला कुंदानं मला फोन केला होता. बाहुली दिलीय, बघू, म्हणाली.

आणि मग पौषात तिचा ताप, साधा म्हणता म्हणता न्यूमोनिया, नाशिकचा दवाखाना, ऑक्सिजन... आणि तो जिना.

दहाव्याला तिच्या शाळेतले नवे तरुण सर आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, निफाडला द्राक्षबागेवर गेलेल्या पोरांना आत्ता कळायला नको. यमुना तर येणारच नाही मग." तिचा भाऊ म्हणाला, पोरांपासून कसं लपवायचं, ती त्यांचीच होती. मला दोघांचंही पटलं. घरी येऊन मिस्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, तुला काय वाटतं? मला काय वाटतं हेच तर मला कळत नव्हतं. सांगावं तर पोरगी तुटते. न सांगावं तर ती होळीला बाहुली घेऊन येणार, आणि वर्गात बाई नाहीत. शेवटी एका सकाळी खुंटीवरच्या पिशवीत खाऊचे पुडे भरून मी निफाडची बस धरली. काय बोलायचं ते वाटेत चार प्रकारे पाठ केलं. उतरेपर्यंत चारही विसरले.

बागेच्या बांधाला निळं प्लास्टिक घातलेल्या झोपड्या होत्या. यमुनाची आई घड उतरवायच्या कामात होती. मला पाहून हात पुसत आली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तिला म्हाईत हाय. फोनावर आलं व्हतं सगळ्यांच्या. दोन रोज जेवली नाय." मग पुन्हा बागेत शिरली. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि गुपित घेऊन फिरणारी मी एकटीच होते.

यमुना कडेवर भाऊ घेऊन आली. झोपडीच्या बांबूत खोचलेली बाहुली तिनं काढून माझ्यापुढं धरली. चष्म्यावर निळा डाग, वेणी उंदरानं की भावानं कुरतडलेली. "ही आता कोनाला द्याची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नवीन सर आहेत ना, चांगले आहेत. तिनं बाहुली मागं घेतली. तो सरळ नकारच होता. मी पिशवीतून खाऊ काढला, तिच्या भावाच्या हातात दिला. निघावं, असंच मनात आलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "तुमी व्हत्या बाईंपाशी?"

"होते."

"तिथं कसं हाय?"

"कुठं?"

"बाई गेल्या तिथं. दवाखान्यात."

मी म्हटलं, मोठा दवाखाना आहे, डॉक्टर चांगले होते, बाईंना काही त्रास झाला नाही. भेटायला येणाऱ्या मोठ्या माणसांना हे उत्तर पुरतं. हिला पुरलं नाही. मग मी तिथंच बांधावर बसले आणि सांगायला लागले. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची, तिच्यावर दोन कबुतरं. ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बुडबुडायचं, आणि बाईंना वाटायचं कुणीतरी चहा ठेवलाय, सारखं म्हणायच्या, उतू जाईल बघा. हातावर सुईनं काळंनिळं झालं होतं. त्यांना भीती वाटत होती. हो, भीती वाटत होती, माझा हात सोडत नव्हत्या. आणि शेवटी मी तिथं नव्हते. मी खाली गेले होते.

"कशाला?"

"आठवत नाही गं," म्हटलं, आणि मला रडू फुटलं. दवाखान्यात नाही, दहाव्याला नाही, एका चौथीतल्या मुलीसमोर बांधावर बसून मी हमसाहमशी रडले. तिनं मला गप्प केलं नाही. भावाला खाली ठेवलं. माझ्या मांडीवरची कापडी पिशवी उचलली, आतलं सामान बांधावर काढून ठेवलं, ती उलटी केली, शिवणीजवळ नाक नेलं.

"ही व्हती का तिथं?"

होती. सगळे दिवस ती पिशवी माझ्या खांद्याला होती, नंतर मिस्टरांनी रिकामी करून खुंटीला अडकवली होती. तेवढ्यात तिनं तळाशी बोट ठेवलं. पिवळट, कडक झालेला एक डाग. पुन्हा हुंगली.

"डेटाल हाय," ती म्हणाली. "आन मोसंबी."

मोसंबी! कुंदानं मागितली होती. तोंड कोरडं पडलंय, नीले, मोसंबी आण गं, आंबट बघून आण. मी खाली गेले होते ते तिच्यासाठीच. दवाखान्यासमोरच्या गाडीवर एकेक निवडत बसले होते, आंबट कुठलं ते मला वरून कळत नव्हतं... आणि ती घेऊनच जिना चढत होते. पुढं त्या मोसंब्यांचं कुणी काय केलं, मला माहीत नाही. मी पळाले नव्हते. इतकंच. दुसरं काही त्यातून बदलत नाही, तरी मला वाटलं की मला आता श्वास घेता येतोय.

हे सगळं मी यमुनाला सांगितलं की नुसतं मनात म्हटलं, तेही आता नक्की सांगता येत नाही. ती पिशवीची घडी घालत होती, डाग आतल्या बाजूला ठेवून. वाळत घातलेलं कापड गोळा करावं इतक्या सहज. मग म्हणाली, "ही मला देता का?"

"कशाला गं?"

"होळीला वर्गात न्याची. बाई कुठं व्हत्या ते पोरांला मीच सांगीन. दुसऱ्या कोनाला नाय येनार."

तिची आई द्राक्षांच्या रांगेतून पाहत होती. तिनं ऐकलं असावं. काही म्हणाली नाही. हो नाही आणि नकोही नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी आजही लावते आहे. होळीला मी पाड्यावर जाणार आहे, तेव्हा कळेल.

निफाडहून परतीच्या बसमध्ये चष्मा, मोबाइल, पाण्याची बाटली, पाकीट, सगळं मांडीवर घेऊन बसले होते. दर गचक्याला काहीतरी खाली घरंगळत होतं आणि शेजारची बाई वाकून उचलून देत होती. "पिशवी नाही का आणली, मावशी?" तिनं विचारलं.

"आणली होती," मी म्हटलं. "ती शाळेत जायची आहे."